टाका दिसला पाहिजे

गाडीचा रेडिएटर गळू लागला आणि आम्ही तो घरीच दुरुस्त केला, एवढीच हकिकत. तिच्यासाठी वार्षिकाची पानं खर्च करावीत का, असं मलाही वाटलं होतं. पण त्या दुरुस्तीनंतर जे घडलं त्यातून एक प्रश्न उभा राहिला. तीस वर्षं फळ्यावर रोज 'खरे बोलावे' असे सुविचार लिहिणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला त्याचं उत्तर पटकन देता आलं नाही. म्हणून तो वाचकांपुढे ठेवतो आहे.

माझा धाकटा भाऊ हिंगणघाटला राहतो. त्याच्याकडे एक जुनी आठ आसनी गाडी होती. आसपासच्या खेड्यांतले पेशंट सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचे, लग्नसराईत वऱ्हाडाच्या फेऱ्या करायच्या, कधी गिरडच्या दर्ग्याला जाणारी मंडळी पोहोचवायची, यावर त्याचं घर चालायचं. मे महिना होता. आमच्या वर्धा जिल्ह्यातला मे म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. एका सकाळी गाडीखाली हिरवट पाण्याचं थारोळं दिसलं. भावानं जाळीत डोकावून पाहिलं, तर एका नळीवर पांढरट-हिरवी खपली धरली होती आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी येत होतं.

गॅरेजच्या उस्तादांनी पाहिलं आणि मान हलवली. "मियाँ, नवा घ्या. हा ऍल्युमिनियमचा आहे. याला टांका धरत नाही."

उस्तादांचं म्हणणं बरोबर होतं. पूर्वी गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असायचे. गळती लागली की मिस्त्री ब्लोलॅम्प पेटवायचा, नवसागर चोळायचा आणि कथिलाचा टांका मारून मोकळा व्हायचा. कल्हईवाल्याचं आणि त्याचं काम एकाच जातकुळीचं. पुढे ऍल्युमिनियम आलं. ते तांब्यापेक्षा स्वस्त, आणि वजनाला तांब्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. पण या धातूचा एक स्वभाव आहे. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साईडचा पातळ पापुद्रा चढतो. ऍल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तर हा पापुद्रा वितळायला २००० अंशांहून जास्त उष्णता लागते. त्यामुळे साधं कथील त्यावर बसतच नाही, पाऱ्यासारखं घरंगळून जातं. शिवाय नव्या रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. मधे रबराची पट्टी घालून धातूच्या कडा त्यांच्यावर दाबून बसवलेल्या असतात. म्हणजे ही वस्तू दुरुस्तीसाठी घडवलेलीच नाही. बिघडली की फेका, नवी आणा.

नव्या रेडिएटरला साडेचार हजार लागणार होते. भावानं त्याच आठवड्यात पुतणीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरली होती. घरात साडेचारशेही मोकळे नव्हते. कुणी सांगितलं, रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका, गळती बंद होते. ट्रकवाल्यांचा हा जुना तोडगा आहे. हळद फुगून भोकात अडकते हे खरं, पण ती फक्त भोकातच अडकेल असं नाही. बारीक नळ्यांतही बसते आणि मग पाणी फिरत नाही. अडल्या वेळी गॅरेजपर्यंत पोहोचायला तो तोडगा ठीक, पण रोज पेशंट वाहणाऱ्या गाडीला नाही.

मग आम्ही घरीच बसलो. मी नुकताच निवृत्त झालो होतो, वेळच वेळ होता. गाडी रात्रभर थंड होऊ दिली, कारण गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे चेहरा भाजून घेणं. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच सगळं उसळून अंगावर येतं. सकाळी कूलंट बादलीत काढलं. भाऊ ती बादली गटारात ओतायला निघाला, तेव्हा मी त्याला अडवलं. या कूलंटमध्ये एथिलिन ग्लायकॉल असतं. चवीला गोड आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करणारं. शेजाऱ्यांच्या शेळ्या त्याच गटाराला तोंड लावायच्या. "कुणाचं जनावर मेलं तर जबाबदार कोण?" असं मी त्याला जरा रागावूनच विचारलं. हे माझं वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे ते माझ्याच अंगावर आलं.

बाकी काम सोपं होतं, पण सबुरीचं. नळीभोवतीच्या पत्र्या चिमट्यानं बाजूला केल्या. खपली खरवडून जागा पॉलिश पेपरनं घासली, धातू चकाकेपर्यंत. थिनरच्या फडक्यानं तेलकटपणा पुसला. पापुद्रा पुन्हा चढायच्या आत, उष्णता सोसणारं दोन नळ्यांमधलं इपॉक्सी कालवून भोकात दाबून भरलं, आणि भोवती बोटभर जागेवर लिंपलं. चोवीस तास हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी बोअरिंगच्या क्षारांच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि नवं कूलंट भरलं. आपल्याकडचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतल्यानंही हे रेडिएटर आतून खाल्ले जातात. गाडी अर्धा तास जागेवरच चालू ठेवली. काटा मधे स्थिर राहिला. खाली कोरडं. सगळा खर्च पाचशेच्या आत.

त्या दिवशी आम्हा दोघा भावांना जो आनंद झाला तो सांगता येत नाही. आपल्या हातांनी एखादी मेलेली वस्तू उठवली की माणसाला आपण अगदीच निरुपयोगी नाही असं वाटतं. मी माझ्या नेहमीच्या सवयीनं त्यावर विचारही करू लागलो. आम्ही ज्या जिल्ह्यात राहतो तिथं हा विचार नवा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चालायचं, आणि तिथं बसून जे. सी. कुमारप्पा वस्तूच्या किमतीचा हिशेब वेगळा मांडत होते. १९४५ च्या त्यांच्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या पुस्तकात त्यांनी व्यवहाराच्या पायऱ्या लावल्या आहेत. दुसऱ्याला मारून स्वतः जगणारा व्यवहार सर्वांत खाली, सेवेचा सर्वांत वर. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, आणि हातांच्या कामातून शिक्षण देण्याचा आराखडा करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. पुढे १९६७ साली ते राष्ट्रपती झाले. हस्तकाम आणि अक्कल या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे सांगणाऱ्या त्या योजनेच्या मसुद्यावर एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाची मुद्रा आहे, याचा मला शिक्षक म्हणून नेहमी अभिमान वाटत आला आहे.

आणि आपल्याकडे तर ठिगळाची लाज कधी नव्हतीच. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) आपल्या चपला स्वतः सांधायचे, कपडे स्वतः शिवायचे, हे लहानपणापासून आपण ऐकत आलो. खलिफा हजरत उमर यांच्या अंगरख्यावरची ठिगळं तर प्रसिद्धच आहेत. आपल्या गॅरेजच्या बोलीत कथिलाच्या सांध्यालाही टांका म्हणतात आणि कापडाच्या शिवणीलाही टाकाच. चपलेचा टाका काय आणि रेडिएटरचा काय, मोडलेलं सांधणं हे पुण्याचंच काम, असा निष्कर्ष काढून मी समाधानानं झोपलो.

*

गाडी पुढे दहा महिने चालली. मग भावाला एका संस्थेत बांधील पगाराची ड्रायव्हरची नोकरी लागली आणि त्यानं गाडी विकायला काढली. घ्यायला समुद्रपूर तालुक्यातला एक तरुण आला. शेती थोडी, कापूस-सोयाबीनचा भरवसा नाही, म्हणून गाडी चालवायची असा त्याचा बेत. मला पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. सातवीत तो माझ्या वर्गात होता. त्यानं वाकून पाया पडायचं केलं, मी त्याला उठवलं.

गाडी त्यानं चालवून पाहिली. किमतीची घासाघीस झाली. शेवटी सही करायच्या आधी तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही हाये म्हणून मी निश्चिंत हाये. गाडीत काही खोट नाही ना?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "गाडी तू स्वतः चालवून पाहिलीस. इंजिन चांगलं आहे. दहा महिन्यांत एकदाही रस्त्यात उभी राहिलेली नाही."

यातला एकेक शब्द खरा होता. इंजिन चांगलंच होतं. गाडी खरोखरच उभी राहिली नव्हती. मी फक्त एक गोष्ट सांगितली नाही. रेडिएटरला टाका आहे, एवढीच.

मे उजाडला. तो तरुण आपल्या आईला आणि शेजारच्या चार बायकांना घेऊन गिरडला निघाला. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, हिंदू-मुसलमान दोघेही तिथं नवस फेडायला जातात. टेकडीवर जे गोल दगड सापडतात त्यांची आख्यायिका जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. फकिराची टवाळी करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल म्हणे तिथं दगड होऊन पडला. त्या रस्त्यावर भर दुपारी गाडी तापली. त्याला वाटलं, उन्हानं काटा वर गेला असेल, थोडं राहिलंय, पोहोचून पाहू. तो चालवत राहिला. पाण्याची कॅन गाडीत नव्हती. शेवटी वाफ आली, हेड गॅस्केट गेलं आणि इंजिन बंद पडलं. बायका दीड-दोन तास त्या उन्हात एका बाभळीखाली बसल्या. त्याच्या आईला भोवळ आली. अल्लाहची मेहेरबानी, त्यापेक्षा वाईट काही झालं नाही.

त्याचा फोन आला तेव्हा आम्ही दोघे भाऊ तिथल्या गॅरेजवर गेलो. रस्ताभर कुणी बोललं नाही. मिस्त्रीनं रेडिएटर काढून बाहेर ठेवला होता. भाऊ खाली बसला, बोटानं आमचा टाका चाचपला. टाका जसाच्या तसा होता. गळती वेगळ्याच जागी होती, वरची प्लॅस्टिकची टाकी जिथं धातूला जोडलेली असते त्या सांध्यातून.

भावानं सुस्कारा सोडला. "अल्हमदुलिल्लाह," तो हळूच मला म्हणाला, "भाईजान, आपला टाका टिकला आहे. आपला काही गुन्हा नाही." घरात आम्ही आमची हिंदी बोलतो. इथं मराठीत लिहितो आहे इतकंच. त्याच्या आवाजातली सुटका मात्र कुठल्याही भाषेत सारखीच ऐकू आली असती.

माझा प्रश्न इथून सुरू होतो. टाका टिकला म्हणजे आम्ही निर्दोष झालो का? आणि तो सुटला असता तरच आम्ही दोषी ठरलो असतो का?

*

भावाचा युक्तिवाद कच्चा नाही. जगातले बहुतेक लोक असाच विचार करतात. नुकसान आपल्या कृतीमुळे झालं नाही, मग दोष आपला कसा? पण थोडं खोलात गेलं की दिसतं, टाका टिकणं आमच्या हातात नव्हतं. तो नशिबाचा भाग होता. आमच्या हातात फक्त सांगणं होतं, आणि ते आम्ही केलं नाही. ज्या दिवशी मी गप्प राहिलो त्या दिवशी टाका टिकेल की सुटेल हे मला माहीत नव्हतं. मग नंतरच्या निकालानं त्या दिवशीची माझी नियत कशी बदलेल? कर्माचा हिशेब नियतीवर होतो असं आपण मुलांना शिकवतो. ते खरं असेल तर त्या तरुणाची गाडी आजही धडधाकट पळत असती, तरी माझा हिशेब तेवढाच राहिला असता.

कायदा काय म्हणतो हेही मी पाहिलं. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम १७. त्यात दिलेली उदाहरणं शाळेतल्या पाठासारखी सोपी आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. पण लगेच दुसरं उदाहरण येतं. घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच दोष सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं उदाहरण असं. घेणारा म्हणाला, तू नाही म्हटलं नाहीस तर मी घोडा चांगला समजेन, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्याइतकंच मानायचं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं. परक्याला न सांगितलं तरी चालतं, मुलीला सांगितलं पाहिजे. मग सातवीत माझ्यासमोर बसलेला मुलगा माझा कोण? आणि त्यानं तर सरळ विचारलंही होतं. मी गप्प राहिलो असतो तरी एक वेळ बरं. मी खरी वाक्यं निवडून निवडून त्याच्यासमोर मांडली आणि त्यांच्या आड एक गोष्ट लपवली.

आपल्या परंपरेत ही गोष्ट कायद्यापेक्षाही स्पष्ट आहे. पैगंबर बाजारातून जात असताना एका विक्रेत्याच्या धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला. वरचं धान्य कोरडं, आतलं ओलं. पावसानं भिजलं, असं विक्रेता म्हणाला. तर मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असा त्यांचा सवाल होता. फसवणारा आपला नव्हे, हेही त्यांनी तिथंच बजावलं. या प्रसंगाकडे नीट पाहावं. धान्य भिजल्याबद्दल त्यांनी विक्रेत्याला दोष दिला नाही. पाऊस कुणाच्या हातात असतो? ओलं धान्य विकू नकोस, असंही ते म्हणाले नाहीत. ते वर ठेव, एवढंच त्यांचं म्हणणं. हनफी फिक्हमध्ये 'खियार-ए-ऐब' म्हणून एक तत्त्व आहे. माल घेतल्यावर जुना दोष उघड झाला तर घेणाऱ्याला तो परत करण्याचा हक्क राहतो. ज्यांच्या नावानं ही परंपरा चालते ते इमाम अबू हनिफा स्वतः कूफ्याचे कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याबद्दल सांगतात, एका कापडात दोष होता, गिऱ्हाइकाला सांगून विक असं त्यांनी भागीदाराला बजावलं. भागीदार विसरला. गिऱ्हाईक कोण होतं हेही आठवेना. इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम खैरात करून टाकली.

म्हणजे ज्या पैगंबरांच्या सांधलेल्या चपलांचा मी दाखला देत होतो, त्यांनीच ओल्या धान्यालाही हात लावला होता. मी पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी सोयीस्करपणे विसरलो. चपलेचा टाका सगळ्यांना दिसतो. उमरच्या अंगरख्यावरचं ठिगळ भर मशिदीत दिसायचं. आपल्या आया जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात, तिचे टाके तर ती मिरवतेच. आमचा टाका मात्र जाळीच्या आत, काळ्या पत्र्यांमागे होता. दुरुस्ती तीच, पण एक दिसणारी आणि दुसरी लपलेली. दुरुस्ती आणि लबाडी यांच्यातलं अंतर पुष्कळदा एवढंच असतं.

*

आता भावाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे गरिबाला नीतीचे धडे देणाऱ्या पोट भरलेल्या माणसाचं प्रवचन होईल. मला पेन्शन आहे, त्याला नाही. तो म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर गिऱ्हाईक पळालं असतं. पैसेवाला नवा रेडिएटर बसवून 'सगळं ओके' म्हणून विकतो आणि इमानदार ठरतो. आपल्याकडे पैसे नाहीत म्हणून आपण टाका मारतो, आणि वर सांगायचं ओझंही आपल्यावरच? खरं बोलायचा खर्च गरिबालाच का?"

या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जग असंच आहे. दुरुस्त होणार नाहीत अशा वस्तू बनवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. वास्तविक ऍल्युमिनियम पुन्हा वितळवायला, खनिजापासून नवं काढण्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते, म्हणजे हा धातू टाकून देण्यासारखा नाहीच. तरीही फेकणारा प्रतिष्ठित आणि सांधणारा संशयित. पण भावाच्या युक्तिवादात एक जागा मोकळी राहते. आम्ही तो खर्च टाळला नाही, आमच्याहून गरीब असलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवला. आमचे वाचले चार हजार, त्याचे इंजिनाला गेले अठरा हजार. शिवाय त्याच्या आईला उन्हात भोवळ आली, ती कुठल्या हिशेबात धरायची?

आणि टाका टिकला असला तरी त्याची खबर दडवणं हेच नुकसानाचं कारण होतं, असं मला आता वाटतं. एका नळीतून रेडिएटर गळला, याचा अर्थ तो जुना झाला होता, आतून खाल्ला गेला होता. तो टाका बाकीच्या रेडिएटरची खबर देत होता. आम्हाला ती खबर होती, म्हणून दहा महिने भाऊ दर सकाळी कूलंट पाहायचा, काट्यावर नजर ठेवायचा, सीटखाली पाण्याची कॅन ठेवायचा, मे महिन्यात लांबची फेरी घ्यायचा नाही. गाडी एकदाही उभी राहिली नाही ती नुसत्या इपॉक्सीमुळे नव्हे, या सावधपणामुळेही. म्हणजे ही माहिती त्या दुरुस्तीचाच अर्धा भाग होती. विकताना आम्ही लोखंड, रबर, टाका सगळं दिलं आणि दुरुस्तीचा तो अर्धा भाग मात्र घरी ठेवून घेतला.

आपल्या समाजाच्या दृष्टीनंही याचा विचार करावासा वाटतो. आठवी-नववीत शाळा सुटलेली आपली किती मुलं गॅरेजमध्ये उस्तादांच्या हाताखाली उभी आहेत, हे प्रत्येक गावात डोळ्यांनी दिसतं. ती शाळेत असायला हवी होती, हे दुःख वेगळं. पण ज्या कामात ती आहेत ते काम विश्वासाचं आहे. बोनेटखाली काय केलं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, कळतही नाही. तो गाडी सोडून जातो ती अमानत म्हणून. गॅरेजवाल्यानं एक वाक्य गिळलं तर फुटतो तो फक्त रेडिएटर नसतो, पुढच्या दहा गिऱ्हाइकांचा भरवसाही जातो. आणि आपल्याबाबतीत तो एका माणसावरचा भरवसा म्हणून जात नाही, सगळ्या मोहल्ल्याच्या नावावर जातो, हे आपण जाणतो. हे अन्यायाचं आहे. तरीही ते खरं आहे.

*

पुढे काय झालं ते सांगून थांबतो. महिनाभर मला झोप नीट लागली नाही. राहून राहून एकच आठवायचं. गटारावरच्या शेळ्यांसाठी मी भावावर आवाज चढवला होता. कुणाचं जनावर मेलं तर जबाबदार कोण, असं विचारलं होतं. आणि माणसानं समोर उभं राहून विचारलं तेव्हा मी शब्द निवडत बसलो.

शेवटी पेन्शनमधून नऊ हजार काढले आणि त्याच्या गावी गेलो. अर्धेच का, असं वाचक विचारतील. तेवढेच होते. बाकीचे दोन हप्त्यांत देईन म्हणालो. अंगणात खाटेवर बसून त्याला सगळं सांगितलं, टाका कधी मारला, कसा मारला, का सांगितलं नाही. त्याची आई दारात उभी राहून ऐकत होती.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगितलं असतं ना, तरी मी गाडी घेतलीच असती. दुसरी कुठून परवडते मले? दोन हजार कमी करा म्हटलं असतं, बस. अन् पाण्याची कॅन ठेवली असती."

पैसे त्यानं घेतले. मला बरं वाटावं म्हणून परत केले नाहीत, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. चहा झाला. निघताना मात्र तो पाया पडला नाही, आणि मीही त्याची अपेक्षा केली नव्हती.

खरं बोलण्याची किंमत एवढीच होती. दोन हजार रुपये आणि एक पाण्याची कॅन.

भावाला मी गेल्याचं कळलं तेव्हा तो रागावला. मी त्याला न विचारता त्याचा दोष कबूल करून आलो, असं त्याचं म्हणणं, आणि त्यातही तथ्य आहे. दोन महिने आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. मग एका रविवारी त्याच्या घरी गेलो, तर अंगणात शेजाऱ्याच्या गाडीचा रेडिएटर उघडून बसला होता. ऍल्युमिनियमचाच, तसाच गळका. घासून, पुसून, इपॉक्सी भरून त्यानं चोवीस तास ठेवला होता. मी काही बोललो नाही, बाजूला बसलो. काम संपल्यावर त्यानं घरातून पांढऱ्या रंगाची डबी आणि काडी आणली. रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, बोनेट उघडताच डोळ्यांत भरेल अशा जागी, त्यानं टाका मारल्याची तारीख लिहिली आणि खाली बाण काढला.

"वाळू दे," तो म्हणाला. "मग बसवू."